फकीरप्पा दफेदार आडवे होतात

सकाळी आठ वाजेपर्यंत पाठ गादीला टेकवून पडून राहायचं आणि कुणीही आलं तरी उठायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी फकीरप्पा गाणिगेर यांना सांगितलं होतं. हे एवढंसं काम त्यांना लागोपाठ दोन दिवस जमलं नाही. धारवाडच्या त्या दवाखान्यातला सगळा पुरुष वॉर्ड त्यामुळे त्यांच्याकडे जरा संशयाने बघायला लागला होता. इथे लोक उठता येत नाही म्हणून दाखल होतात, आणि हा गृहस्थ झोपता येत नाही म्हणून अडकून पडला होता.

पण दोष एकट्या फकीरप्पांना देण्यात अर्थ नाही. एकतीस वर्षं ते जिल्हा कोर्टात दफेदार होते. पांढरा कोट, खांद्यावरून तिरका लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. न्यायाधीशांच्या पुढे चालत यायचं आणि दाराशी थांबून "सायलेन्स!" अशी हाळी द्यायची. ती हाळी झाली की वकील उठत, पक्षकार उठत, हातकडीसकट आरोपी उठे आणि तुळईवरची कबुतरंही उडून जात. मग साहेब बसले की सगळे बसत. फकीरप्पा मात्र साहेबांच्या खुर्चीमागे संध्याकाळपर्यंत उभेच.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी पायातलं कोर्ट काही गेलं नव्हतं. घरात कुणी आलं की फकीरप्पा उभे. पोस्टमन आला, उभे. गॅसवाला आला, उभे. एकदा शेजारची शेळी आत आली, तेव्हाही अर्धे उठून मग बसले. ते उठत नसत ते फक्त एकाच माणसासाठी, ती म्हणजे त्रेचाळीस वर्षं संसार केलेली त्यांची बायको नीलव्वा. ती दिवसातून शंभरदा आत-बाहेर करायची. तिच्यासाठी कोण उठत बसणार?

दुखणं होतं रक्तदाबाचं. चार तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, दाब उतरेना. वरून पायात गोळे यायचे. शेवटी डॉक्टर अंबिका हिरेमठ यांनी त्यांना दाखल करून घेतलं. बाई वयाने फकीरप्पांच्या नातीएवढी, पण समजावून सांगण्यात हयगय करायची नाही.

"अज्जा, तुम्ही उभे राहिलात की रक्त पायाकडे उतरतं," ती म्हणाली. "मूत्रपिंडाला वाटतं, आपल्याकडे रक्त कमी पडलं. मग ते एक हार्मोन सोडतं. म्हणजे हाळीच देतं म्हणा. त्या हाळीने रक्ताच्या नळ्या आवळून उभ्या राहतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक ग्रंथी असते, ती पण जागी होते. तिचा हुकूम सुटतो, मीठ बाहेर टाकू नका, धरून ठेवा. मिठाबरोबर पाणी थांबतं. पाण्यासाठी मेंदूकडून वेगळा हुकूम येतो, तो निराळाच. एवढं सगळं आत चालतं, म्हणून माणूस तासन्‌तास उभा राहू शकतो."

फकीरप्पांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी उठलो की आतपण सगळे उठतात."

"बरोबर!"

"मग व्यवस्थित चाललंय की, अव्वा. बिघडलं कुठे?"

"तुमची ती टोपीवाली ग्रंथी कुणाचं ऐकत नाही असा संशय आहे. तुम्ही झोपलात तरी ती उभीच. मीठ धरा, मीठ धरा, असा हुकूम आपला सुटतोच आहे."

"ह्यांचीच ग्रंथी ती," नीलव्वा पिशवी आवरता आवरता म्हणाली. "ती तरी दुसरं काय करणार?"

तपासणी साधी होती. रात्रभर आडवं राहायचं आणि सकाळी आठला झोपलेल्या अवस्थेतच रक्त द्यायचं. मग चार तास उभं राहायचं, फिरायचं आणि बाराला पुन्हा रक्त द्यायचं. उभं राहिल्यावर त्या ग्रंथीचं हार्मोन नीट वाढलं, तर ग्रंथी नुसती हट्टी आहे, गोळ्यांनी भागेल. नाही वाढलं, तर तिथे बहुधा गाठ आहे आणि ऑपरेशन.

ऑपरेशन म्हटल्याबरोबर फकीरप्पांचा हात पोटावर गेला. जन्मठेप ऐकताना उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे त्यांनी जवळून पाहिले होते. आपला आता तसाच झाला असणार, असं त्यांना वाटलं. ते खरोखर घाबरले होते. दवाखान्याच्या आवारात शिरल्यापासून त्यांनी त्या कात्रीसुऱ्यांचा विचार टाळला होता, आणि आता तो त्यांच्याशेजारी गादीवर येऊन बसला.

"झोपीन मी," ते म्हणाले. "झोपायला काय लागतं?"

शुक्रवारी पावणेआठपर्यंत ते उत्तम झोपले. सिस्टर फिलोमिना सुई-बाटली घेऊन निघाली, एवढ्यात मोठ्या डॉक्टरांची फेरी आली. पुढे एक शिपाई दार उघडून धरतोय, मागे मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे पांढरे कोट घातलेले सहा जण. आता या दृश्यात कोर्टात नाही असं काय होतं? डॉक्टर अंबिका "अज्जा, नको!" असं ओरडेपर्यंत फकीरप्पा पलंगाशेजारी ताठ उभे होते. वर त्यांनी मोठ्या डॉक्टरांसाठी खुर्चीही मागे ओढून धरली.

शनिवारी फेरी दुसऱ्या वॉर्डातून वळवली. पलंगाभोवती हिरवा पडदा लावला. आठला दहा मिनिटं कमी असताना दवाखान्याला लागून असलेल्या शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. फकीरप्पा उठलेच, पण त्यांचं बघून वॉर्डातले आणखी तिघे उठले. समोरच्या पलंगावर पाय प्लास्टरमध्ये टांगून पडलेल्या यल्लप्पाला उठता येईना, तर तो बिचारा निदान मान ताठ करून पडला.

"यात माझी काय चूक?" फकीरप्पा म्हणाले. "राष्ट्रगीताला झोपून राहू?"

पण मोठे डॉक्टर वैतागले. "उद्या तिसरी आणि शेवटची वेळ. उद्याही हा माणूस झोपला नाही, तर सरळ हुब्बळ्ळीला सर्जनकडे पाठवा. तेच काय ते ठरवतील," असं सांगून ते गेले. फकीरप्पांचा हात पुन्हा पोटावर गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच राहिला.

रविवारी सूत्रं नीलव्वाने हातात घेतली. शाळेला सुट्टी होती, फेरी नव्हती, म्हणजे निम्मं काम झालं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी तिने सहालाच नवऱ्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले.

"आता कोण आलं न कोण गेलं, तुम्हाला कळायचं कारण नाही," तिने मोठ्याने सांगितलं.

"काय?"

"काही नाही. पडा."

"आणि बाथरूम?"

"भांडं आहे."

"सिस्टरसमोर?"

"तुमच्या डोळ्यांवर पंचा आहे. तुम्हाला सिस्टर दिसणार नाही."

फकीरप्पांना या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे असं वाटत होतं, पण डोळे बांधलेले असताना ती सापडेना. ते पडून राहिले. सात वाजले. साडेसात झाले. वॉर्डातले सगळे पेशंट आळीपाळीने घड्याळाकडे आणि फकीरप्पांकडे बघत होते. उठणार की नाही, यावर यल्लप्पाने शेजारच्याशी एका वाटी उप्पीटाची पैजही लावली होती.

खाली पटांगणात त्या दिवशी डोळे तपासणीचं शिबिर होतं. मंडप घातला होता, कर्ण्याचं "हॅलो, हॅलो" चालू होतं. शिबिराच्या उद्घाटनाला पाहुणे म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश बेळवाडीसाहेब आले होते. आपला जुना दफेदार वरच्या मजल्यावर दाखल आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं. साहेब मनाने मोठे. आठला पाच मिनिटं असताना ते एकटेच जिना चढून वर आले.

नीलव्वाने त्यांना दारातच ओळखलं. ती दोन्ही हात आडवे करून पुढे धावली. पण पंचा डोळ्यांवर होता, कापूस कानांत होता. नाकाचा विचार कुणीच केला नव्हता. बेळवाडीसाहेब तपकीर ओढत. वेलदोडा आणि आणखी कसलं कसलं घालून ते ती घरीच करून घेत. त्या तपकिरीच्या वासाला फकीरप्पा बारा वर्षं उभे राहिले होते.

त्यांच्या नाकपुड्या हलल्या. कोपरं गादीत रुतली. डोकं उशीवरून सुटलं.

"साहेब!" डॉक्टर अंबिका ओरडली. "सांगा त्यांना! उठले तर सगळं वाया जाईल. ऑपरेशनवर पाळी येईल!"

नीलव्वाने झडप घालून कानातला कापूस काढला. साहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. तिथे बघता बघता पुन्हा न्यायाधीश उभा राहिला.

"फकीरप्पा! आडवा हो. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हुकूम आहे."

फकीरप्पा धप्पकन मागे पडले. "जी साहेब."

"पाठ उठली हो," सिस्टर फिलोमिना कुजबुजली.

"अर्धीच उठली," डॉक्टर अंबिका ठामपणे म्हणाली. "कंबर गादीलाच होती. मी बघितलंय. घ्या रक्त."

ठीक आठ वाजता रक्त निघालं. वॉर्डात टाळ्या पडल्या. यल्लप्पाने उप्पीट गमावलं, तरी टाळ्या वाजवल्या. बेळवाडीसाहेब "काळजी घे रे" असं म्हणून खाली मंडपात गेले. डॉक्टर अंबिकाने स्वतःच्या हाताने पंचा सोडला आणि हसून म्हटलं, "झालं अज्जा! उठा आता. चार तास उभं राहायचंय."

फकीरप्पा छताकडे बघत राहिले.

"अज्जा, उठा."

"साहेबांनी सांगितलं का?"

"मी सांगतेय ना."

"हुकूम साहेबांचा आहे, अव्वा. 'मी सांगेपर्यंत' असं म्हणाले. तुम्ही पण ऐकलंत. तो उठवायचा तर त्यांनीच उठवायला हवा."

डॉक्टर अंबिकाला आधी वाटलं हा विनोद आहे. मग तिने त्यांचा चेहरा बघितला. दोन दिवस ज्या माणसाला खाली दाबून धरता येत नव्हतं, तो आता पलंगाला चिकटून राहिला होता.

"अहो, वेळ जातोय!" नीलव्वा म्हणाली. "बाराला दुसरं रक्त द्यायचंय. उभे राहिला नाहीत तर त्यात काय सापडणार? कपाळ?"

"कोर्टाची बेअदबी करू?"

"कोर्ट खाली डोळे तपासतंय!"

सिस्टर फिलोमिनाला चिठ्ठी देऊन खाली पिटाळलं. तोवर साहेबांचं भाषण सुरू झालं होतं आणि ते कर्ण्यावरून थेट वॉर्डात येत होतं. तो आवाज ऐकून फकीरप्पा आणखीच सरळ पडले. पाच मिनिटांनी सिस्टर हात हलवत परत आली.

"काय म्हणाले?"

"वाचली. मग म्हणाले, 'अर्ज आला, बघतो.' आणि खिशात ठेवली."

"आता गेलं," फकीरप्पा पडल्या पडल्या म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "'बघतो' म्हणाले की पुढची तारीख. आणि भाषण आता कुठे 'माझ्या लहानपणी'पर्यंत आलंय."

साडेआठ झाले. डॉक्टर अंबिका रडकुंडीला आली. तिने पाय धरून ओढून बघितलं. दफेदाराचे पाय ते, ढिम्म हलले नाहीत. यल्लप्पाने कोर्टाची ऑर्डर कशी मोडावी याबद्दल तीन सल्ले दिले, तिन्ही निरुपयोगी. फकीरप्पांनाही घाम फुटला होता. एक हात पोटावर होता. त्यांना उठायचं होतं हो, मनापासून उठायचं होतं. ऑपरेशन त्यांच्या पोटावर व्हायचं होतं, साहेबांच्या नाही. पण एकतीस वर्षांत न मोडलेला हुकूम या वयात कसा मोडायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

नीलव्वा काही वेळ कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. मग सरळ वॉर्डाबाहेर गेली. दार तिच्यामागे बंद झालं.

मग ते दार धाडकन उघडलं.

"साऽऽयलेन्स!"

एकतीस वर्षं ती हाळी नीलव्वाने ऐकली होती, कारण नवा साहेब आला की फकीरप्पा घरी आरशापुढे तिचा सराव करत. कुठे लांबवायची, कुठे तोडायची, तिला सगळं पाठ होतं. खिडकीत कबुतरं होती की नाही माहीत नाही, पण वॉर्डातला हलू शकणारा प्रत्येक माणूस उठून उभा राहिला. सिस्टर फिलोमिना उभीच होती, ती आणखी ताठ झाली. फकीरप्पा तर पलंगावरून कधी उतरले ते कुणाला दिसलंच नाही. अंगठे विजारीच्या शिवणीला, नजर समोर, छाती पुढे.

दारातून नीलव्वा चालत आत आली. सावकाश, कुणाकडे न बघता.

फकीरप्पांनी तिच्यामागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"साहेब कुठायत?"

"खाली. लहानपणातच आहेत अजून."

"मग आलं कोण?"

"मी आले की."

"तुझ्यासाठी सायलेन्स?"

"का? चालत नाही?"

सगळा वॉर्ड हसत सुटला. फकीरप्पा मात्र भेदरून पलंगाकडे वळले. "हुकूम मोडला! मी हुकूम मोडला!"

"मोडलात ना?" डॉक्टर अंबिका मध्ये आडवी उभी राहिली. इतक्या दिवसांत तीही थोडी वकिली शिकली होती. "मग शिक्षा भोगा. चार तास उभं राहायचं."

शिक्षा म्हटल्यावर फकीरप्पांना बरं वाटलं. ती त्यांना समजणारी गोष्ट होती. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, वेळ मनात टिपून घेतली आणि येरझाऱ्या सुरू केल्या. उशीर झाला होता, म्हणून दुसरं रक्त साडेबाराला घ्यायचं ठरलं.

आता लोक त्यांना उभं राहू देईनात. आजारी म्हातारा तासन्‌तास उभा आहे हे कुणाला बघवेल? यल्लप्पाच्या बायकोने स्टूल पुढे केलं. कॅन्टीनवाला चहाबरोबर खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या पाळीच्या नर्सला काहीच ठाऊक नव्हतं, तिने तर मागून येऊन चाकांची खुर्ची गुडघ्यांना टेकवलीच. फकीरप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, "शिक्षा चालू आहे."

साडेअकराला भाषण संपलं. बेळवाडीसाहेब गळ्यात हार घालूनच वर आले. दफेदाराला उभा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. खिशातली चिठ्ठी हातात होती, म्हणजे सुनावणी आत्ता घ्यायचा विचार असावा.

"फकीरप्पा, कुणाच्या परवानगीने उठलास?"

फकीरप्पांनी बोटाने नीलव्वाकडे दाखवलं.

साहेबांनी नीलव्वाकडे बघितलं. नीलव्वाने साहेबांकडे बघितलं, आणि नजर काही खाली घेतली नाही.

"बरं," साहेब चिठ्ठी घडी करत म्हणाले. "वरच्या कोर्टाने आदेश दिला असेल तर आमचं काही म्हणणं नाही."

साडेबाराला दुसरं रक्त निघालं. दोन्ही बाटल्या बर्फात घालून बेंगळुरूला गेल्या. निकाल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत फकीरप्पा नीट जेवले नाहीत. सातव्या दिवशी डॉक्टर अंबिका कागद नाचवतच आली.

"अज्जा, उभं राहिल्यावर हार्मोन दणदणीत वाढलंय! तुम्ही उठलात, ग्रंथीपण उठली. हट्टी आहे, पण ऐकते. ऑपरेशन नको. गोळ्या!"

फकीरप्पांनी पोटावरचा हात काढला आणि पंच्याने डोळे पुसले. नीलव्वा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. नाकाला लावलेला पदर काढायला तिला बराच वेळ लागला.

"मात्र दोन गोष्टी," डॉक्टर म्हणाली. "मीठ कमी. आणि या नव्या गोळीने चक्कर येऊ शकते. म्हणून एकदम उठायचं नाही. कुणीही येवो. आधी बसल्या जागी पाय हलवायचे, मग हळूहळू उठायचं. कळलं?"

घरी आल्यावर फकीरप्पांनी ते तंतोतंत पाळलं. पोस्टमन आला तेव्हा ते पाय हलवत बसले. ते उठेपर्यंत पोस्टमन पुढच्या गल्लीत गेला होता. गॅसवाल्याचंही तेच झालं. दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं, की आपण उठलो नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. नीलव्वा आतून भाकरीचं ताट घेऊन येत होती, तिच्या पैंजणांचा नाही, चपलांचा फटफट आवाज येत होता. फकीरप्पांनी पाय हलवायला सुरुवात केली. मग खुर्चीच्या हातांना धरून ते उठले आणि सरळ उभे राहिले.

नीलव्वा उंबऱ्यातच थांबली. तिने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"काय झालं? गोळा आला का पायात?"

"नाही."

"मग उठलात कशाला?"

"तू आलीस म्हणून."

नीलव्वाने ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" ती एकदम खेकसली. "एकदम उठायचं नाही म्हणून!"

"एकदम कुठे उठलो?" फकीरप्पा म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं लागली."

नीलव्वाने ताट खाली ठेवलं. पदराने हात पुसले. मग तोंडही पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "उभेच आहात तर फळीवरचा गुळाचा डबा काढून द्या. शेजारी मिठाचा आहे, त्याला हात लावलात तर बघा."